ब्रँड नंतर सांगा, आधी रस्ता कुठला ते सांगा

आमच्या फोर बाय फोरवाल्यांच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच महायुद्ध पेटलं. एका मुलाने साधा प्रश्न टाकला होता. "थार रोज ऑफिसला नेतो. टायर बदलायचेत. बीएफ गुडरिच घालू की योकोहामा?" संध्याकाळपर्यंत दीडशे कमेंट. कुणी म्हणे बीएफ म्हणजे राजा, कुणी मॅक्सिसचा झेंडा घेऊन आला, कुणाचं म्हणणं "देशी घ्या, सिएट-अपोलोला काय धाड भरलीय?" दीडशे जणांत एकानेही विचारलं नाही, की बाबा रे, तू गाडी चालवतोस कुठे?

मी विचारलं. उत्तर आलं: कोथरूड ते हिंजवडी. महिन्यातून एखादा रविवार ताम्हिणी.

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझं पाप सांगतो. २०२२ च्या मे महिन्यात मी माझ्या गाडीला एमटी, म्हणजे मड टेरेन टायर चढवले. गाडी काय दिसत होती म्हणता! सोसायटीतली पोरं फोटो काढायची. मग जूनचा पहिला पाऊस आला. चांदणी चौकाच्या उतारावर पुढच्या स्कूटरने ब्रेक मारला, मीही मारला. एबीएस पायाखाली थडथडत राहिलं आणि गाडी सरकतच गेली. थांबली तेव्हा माझा बंपर आणि स्कूटरची नंबरप्लेट यांच्यात वीतभर जागा होती. मागे बसलेल्या ताईंच्या मांडीवर रेनकोटातलं लेकरू. माझा स्पीड चाळीसच्या आसपास. ताईंनी वळून नुसतं पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

टायर नामांकित कंपनीचे होते. दोष कंपनीचा नव्हता. चिखलासाठी बनवलेली वस्तू मी डांबरावर पळवत होतो, दोष माझा होता.

गणित सोपं आहे. एमटीचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यातल्या फटी रुंद, कारण चिखल त्यातून बाहेर फेकला गेला पाहिजे. पण डांबराला चिकटतं ते रबर, फट नव्हे. फटी जितक्या जास्त, तितकं रस्त्याला लागणारं रबर कमी. शिवाय ओल्या डांबरावर धरून ठेवणाऱ्या ज्या बारीक चिरा असतात, त्या एमटीवर अगदी थोड्या. एटी, म्हणजे ऑल टेरेन, हा मधला मार्ग. एचटी हा निव्वळ रस्त्याचा. आता तुमची गाडी शंभरातले पंचाण्णव किलोमीटर डांबरावर आणि सिमेंटवर धावते. मग उरलेल्या पाचासाठी रोजचा ब्रेक गहाण का टाकायचा?

"अडकलास तर एमटीच वाचवतो," हे नेहमीचं उत्तर. साहेब, चिखलात अडकलो तर माझा रविवार जातो. ओल्या उतारावर थांबलो नाही तर दुसऱ्याचं लेकरू जातं. ही दोन संकटं एका तराजूत घालू नका. आणि अडकायची इतकी भीती असेल तर आधी हवा कमी करायला शिका. चिखलात वीस पीएसआयच्या आसपास आलात की एटीसुद्धा कितीतरी जास्त पकडतो. एक गेज, एक कॉम्प्रेसर आणि एक चांगला टो-स्ट्रॅप ठेवा. मात्र डांबरावर परतताना हवा पुन्हा पूर्ण भरायची, विसरायचं नाही.

ज्यांचं शेत डोंगरापलीकडे आहे, पावसाळ्यात चार महिने ज्यांना रोज लाल चिखलातून दूध बाहेर काढावं लागतं, त्यांनी एमटी जरूर घालावेत. त्यांची ती गरज आहे. आमची हौस आहे.

बरं, मग ब्रँड कुठला? माझं मत: एटी घ्यायचं ठरलं की नामांकित कंपन्यांमधला फरक एटी आणि एमटीमधल्या फरकापेक्षा खूप लहान आहे. दुकानात टायर उभा करून चार गोष्टी वाचा. एक, साइज. २४५/७५ आर १६ च्या जागी २६५/७५ घातलात तर चाक जवळपास चार टक्के मोठं होतं. मीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा चार किलोमीटर जास्त पळत असते. दोन, लोड इंडेक्स. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो. मूळ टायरपेक्षा हा आकडा कमी नको. तीन, स्पीडचं अक्षर. टी म्हणजे १९०, क्यू म्हणजे १६०. हेही मूळ टायरशी ताडून बघा. चार, तारीख. २३२४ लिहिलं असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडलेला राजा घेण्यापेक्षा ताजा प्रधान बरा.

आता खरा मुद्दा. आपण ब्रँडवरून एकमेकांची डोकी फोडतो, तेव्हा वर काय चाललंय? ऑगस्ट २०१८ मध्ये स्पर्धा आयोगाने अपोलो, एमआरएफ, सिएट, जेके आणि बिर्ला या पाच कंपन्या आणि त्यांची संघटना यांच्यावर संगनमताने किमती वाढवल्याबद्दल एकूण १,७८८ कोटींचा दंड ठोकला. आदेश बाहेर यायला फेब्रुवारी २०२२ उजाडला. कंपन्यांनी आरोप नाकारले आणि डिसेंबर २०२२ मध्ये अपील लवादाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवलं. दुसरीकडे जून २०२० पासून नव्या टायरची आयात परवान्याखाली गेली. म्हणजे गिऱ्हाइकाची निवड आधीच आवळलेली, आणि आपण मात्र आपापल्या झेंड्याखाली ओरडतोय.

जून २०२२ मध्ये सरकारने ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज वगैरेंचे किमान निकष टायरला लावायची अधिसूचना काढली. चांगलं केलं. पण ती परीक्षा पास-नापासची. पस्तीस मार्कांनी कोण पास आणि नव्वदने कोण, हे दुकानात मला कोण सांगणार? युरोपात २०१२ पासून टायरच्या लेबलवर ओल्या पकडीची श्रेणी छापलेली असते. निव्वळ ऑफ-रोड कामाचे टायर मात्र तिथेही त्या लेबलमधून वगळलेत. यातच काय ते समजा.

आपल्याकडे फ्रिजवर तारे असतात. पोराला शाळेत सोडणारी गाडी ज्या चार तळहातांएवढ्या रबरावर थांबते, त्याच्या पकडीचे मार्क मात्र गुलदस्त्यात. कंपन्यांना विचारायचं असेल तर हे विचारा. ग्रुपवर दीडशे कमेंट टाकायच्या तर या मागणीसाठी टाका.

त्या मुलाने शेवटी मूळ साइजचे एटी घेतले. ब्रँड सांगत नाही, नाहीतर खाली पुन्हा युद्ध सुरू व्हायचं.

पाऊस तोंडावर आलाय. आज खाली जाऊन आपले टायर बघा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो टायर गोटा झालाय, मग त्यावर नाव कुणाचंही असो.