मालकाचं नाव, माळ्याचा हात

इंग्लंडातल्या डर्बीशर परगण्यात चॅट्सवर्थ नावाचा एक वाडा आहे. वाडा म्हणायचं ते आपल्या सवयीने. खरं तर राजवाडाच तो. ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या कॅव्हेंडिश घराण्याने १५४९ साली ही जागा घेतली, ती आजतागायत त्यांचं घर आहे. लेक शेफिल्डला असते, तिथून हे ठिकाण जवळच. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला बागेचं वेड, चला.’ मी तयारच होतो, पण माझ्या मनात बाग नव्हती, केळी होती.

माझे वडील रावेर तालुक्यात सालदार होते. वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या केळीत राबायचे. पाणी भरायचं, माती लावायची, पिलं कापायची, घड उतरवायचे. ते घड वॅगनमध्ये बसून दिल्लीला जात, मालकाच्या नावाने. त्या केळीचं नाव बसराई. पुढे मास्तरकी करताना एका पुस्तकात वाचलं, की बसराई ही ‘कॅव्हेंडिश’ गटातली. आज जळगावात दिसणारी ग्रँड नैनही त्यातलीच. हे कॅव्हेंडिश कोण, ते एकदा पाहायचं होतं.

१८२६ साली सहाव्या ड्यूकने जोसेफ पॅक्सटन नावाच्या बावीस वर्षांच्या पोराला मुख्य माळी नेमलं. शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या दिवशी पहाटे साडेचारला तो पोचला, तेव्हा फाटक बंद. गडी फाटकावर चढून आत उतरला आणि सहाच्या ठोक्याला माणसं कामाला लावली! त्याच्या काचघरात, मॉरिशसवरून इंग्लंडात आलेल्या ठेंगण्या केळीला १८३५ मध्ये केळफूल आलं. तिला नाव मिळालं मालकाच्या घराण्याचं. ती मूळची चीनकडची. तिचे कंद इथून दक्षिण समुद्रातल्या बेटांपर्यंत गेले. आमची बसराई इथूनच आली असं मी म्हणणार नाही. पण नाव मात्र इथलंच.

बागेत ‘सम्राट कारंजं’ आहे. रशियाचा झार येणार म्हणून पॅक्सटनने १८४४ मध्ये ते बांधलं. डोंगरावर तलाव खणला, रात्री उजेड करून माणसं खणत होती. पंप नाही, वरून उतरणाऱ्या पाण्याच्या जोरावरच धार उसळते. झार आलाच नाही. न आलेल्या पाहुण्याचं नाव कारंज्याला राहिलं. ज्यांनी रात्र जागून माती उपसली, त्यांचं नाव बागेत मला कुठे दिसलं नाही.

आता न्यायाने बोलायचं तर पॅक्सटनची गोष्ट अशी नाही. ड्यूकने त्याला सोबत परदेशी नेलं, शिकू दिलं. चॅट्सवर्थच्या काचघरांत कमावलेलं ज्ञान घेऊन त्याने १८५१ च्या लंडन प्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस उभारला आणि ‘सर’ झाला. माळ्याला संधी मिळाली तर तो काय करतो, याचा हा दाखला. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा.

१९५० मध्ये दहावे ड्यूक वारले, तेव्हा वारसाकर ऐंशी टक्के बसला. जमिनी विकल्या, चित्रं गेली, हार्डविक हॉल सरकारला द्यावा लागला. पुढे डचेस डेबोरा यांनी १९७७ मध्ये जवळच्या पिल्सली गावात दुकान काढलं, इस्टेटीवरच्या शेतांतलं मांस विकायला. आम्ही दुपारी ओटची धिरडी खाल्ली. इथे त्यांना ओटकेक म्हणतात. वर बेकवेल गावचं पुडिंग: पापुद्र्याच्या पारीत जॅम, वर अंडं-बदामाचं सारण. वाड्याला आता आसरा आहे तो तिकीट काढणाऱ्यांचा आणि आसपासच्या शेतकऱ्यांचा. एके काळी याच वाड्यातून दिसतं म्हणून एडेन्सर गाव उचलून टेकडीआड नेलं होतं!

त्याच गावच्या दफनभूमीत पॅक्सटन आहे. आम्ही तिथे बाकावर बसलो. लेकीने पिशवीतून केळी काढली. सालीवर चिकटपट्टी होती. तिच्यावर कंपनीचं नाव, देशाचं नाव.

आपल्याकडेही राजवाडे आहेत, राणीच्या बागा आहेत, बागाईतदारांना पुरस्कार आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी एक पाटी वाढवायला काय हरकत आहे? हे झाड कोणी लावलं, हा पाट कोणी खणला. खर्च फारसा नाही. माझ्या वडिलांचं नाव कधी सातबाऱ्यावर आलं नाही. एका पाटीवर आलं असतं, तर ते रोज वाट वाकडी करून वाचायला गेले असते. त्यांना वाचता येत नव्हतं. तरीही गेले असते.