कपाटातला डेटा

पीएचडीचा व्हायवा झाला की प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन भांडारात जातो आणि काम जगापुढे आले, असे आपण समजतो. ज्या मोजमापांवर तो उभा असतो, ती मात्र गाइडच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर पडून राहतात. दोन वर्षांनी एखाद्या नव्या विद्यार्थ्याने ती फाइल उघडली, तर एक्सेलच्या रकान्यांवर फक्त 'टी १', 'टी २'. टी म्हणजे टेम्परेचर की ट्रीटमेंट, हे सांगणारा तोवर नोकरीनिमित्त परगावी. मग तीच मोजमापे पुन्हा, तोच खर्च पुन्हा. आणि हा खर्च बहुतेकदा जनतेच्या पैशातून होतो.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदने वेगळा पायंडा पाडला आहे. तिथल्या जीएमआरटी या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीवर निरीक्षणे घेणाऱ्याकडे डेटा दीड वर्ष राखीव राहतो. नंतर तो सर्वांना खुला होतो. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे सर्वेक्षण केले. मूळ गटाकडून त्याचा काही भागच प्रसिद्ध झाला होता. मग ह्यूब इंटेमा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २,००० तासांहून अधिक निरीक्षणांवर नव्याने प्रक्रिया केली आणि २०१७ मध्ये ९० टक्के आकाशाचा नकाशा व सुमारे ६ लाख २० हजार रेडिओस्रोतांची यादी जगापुढे ठेवली, तीही खुली. यात खोडदचे काय गेले? सर्वेक्षणाच्या नावातच टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि जीएमआरटी आहेत. ते वापरणारा प्रत्येक जण ती नावे लिहितो. कुलूप लावले असते, तर यातले बरेचसे टेपवरच राहिले असते.

'डेटा दिला तर दुसरा कोणी आधी निबंध छापेल' ही भीती खरी आहे, आणि तालुक्याच्या कॉलेजात तुटपुंज्या साधनांवर काम करणाऱ्याला ती जास्त वाटणार. तिच्यावरचा उपाय खोडदच्या नियमातच आहे: ठरावीक मुदत राखीव, मग खुले. खरी अडचण पुढे आहे. पदोन्नतीच्या वेळी निबंध मोजले जातात. नीट मांडून ठेवलेल्या डेटाची कोणी दखल घेत नाही. विद्यापीठांनी हे बदलायलाच हवे.

प्रश्न निबंधांच्या खुलेपणाचाही आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेसाठी सरकारने तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी-प्राध्यापकांना त्यामुळे जर्नल वाचायला मिळतात, हे चांगलेच झाले. पण ही वाचण्याची सोय आहे. आपले संशोधन शेतकऱ्याला, गावातल्या डॉक्टरला, निवृत्त शिक्षकाला खुले करणे हे काम तिने होत नाही. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी अनुदानित निबंधांची प्रत खुल्या भांडारात ठेवण्याचे धोरण २०१४ मध्येच आणले. ते आता अनुदानाच्या शेवटच्या हप्त्याशी जोडावे.

संशोधकांनी मात्र त्याची वाट पाहू नये. पुढचा निबंध पाठवण्याआधी रकान्यांना पूर्ण नावे द्या, एकके लिहा, रुग्णांची ओळख पटेल असे सारे काढून टाका आणि ती फाइल झेनोडोसारख्या भांडारात ठेवा. तिथे पैसे पडत नाहीत, आणि डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक तुमच्या नावावर मिळतो.