साल टाकू नका, प्लीज!

"यंदा माझा बर्थडे कॅन्सल. नो केक, नो पार्टी, नो सरप्राइज. केलंत तर बोलणार नाही," वाढदिवसाच्या आठ दिवस आधी आमच्या रूमीने जाहीर करून टाकलं.

आम्ही तिघी कोथरूडच्या एका टू बीएचकेमध्ये राहतो. फ्रिजच्या दारावर चुंबकाने लटकवलेली एक हिशोबाची वही आहे. दूध, गॅस, नेट, झुरळांचं औषध, जे काही येईल त्याचा आकडा वहीत जातो आणि महिन्याच्या शेवटी भागिले तीन होतो. वाढदिवसाचाही फंडा ठरलेला. केक बाकीच्या दोघींकडून, ट्रीट बर्थडे गर्लकडून.

पण ऑक्टोबरमध्ये रूमीचा जॉब गेला. टीमच्या टीमच घरी बसवली. तेव्हापासून ती वहीच्या बाबतीत जाम कडक झालीय. मी येताना तिच्यासाठी एक वडापाव आणला, तर दुसऱ्या दिवशी वहीत तिच्या नावावर 'वडापाव – २०'. मी खोडलं. तिने परत लिहिलं.

आमची तिसरी आयटीतली, तिला पैशाचं टेन्शन नाही. तिने लगेच मोबाइलवर एका केकचा फोटो दाखवला. चार थर, मध्ये पिवळंधमक भरण, वर संत्र्याच्या पारदर्शक चकत्या. किंमत १,४०० रुपये. "आपण दोघी सातशे-सातशे टाकू की!" टाकले असते हो. पण केक कापताना रूमी मनात काय हिशोब मांडणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. सातशेच्या केकला साजेशी ट्रीट द्यायची म्हणजे हजार-बाराशे. ते तिच्याकडे नव्हते आणि 'राहू दे गं' ऐकून घ्यायची तिची तयारीही नव्हती.

तेव्हा ठरवलं, तसाच केक घरी करायचा, आणि इतक्या स्वस्तात की कुणालाही ओशाळं वाटू नये.

डिसेंबर महिना, त्यामुळे अर्धी लढाई आधीच जिंकलेली. आंबिया बहाराची नागपुरी संत्री या दिवसांत गल्लोगल्ली हातगाडीवर असतात. २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालेलं हे आपलं संत्रं सोलायला एकदम सोपं, कारण त्याची साल सैल असते. रेल्वेत खायला बेस्ट! पण केक करायला बसलात की हीच सैल साल डोक्याला ताप होते. कसा, ते मी शुक्रवारी रात्री शिकले.

ओव्हन आमच्याकडे नाही. तो खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे. मुलीने घेऊन दिलेला ओटीजी, वर छानपैकी भरतकामाचं कव्हर. केक टिनही नव्हते. त्याऐवजी कुकरमधले वरण-भाताचे दोन डबे घेतले. सारख्या मापाचे, सरळ कडांचे, सपाट बुडाचे. थरांच्या केकला आणखी काय हवं? काकूंचेही तसेच निघाले, म्हणून एकाच वेळी दोन्ही डबे ओव्हनमध्ये बसतील असे निवडले.

मी साध्या किसणीवर संत्रं किसायला घेतलं. साल आत दबली, फाटली, आणि नारिंगी भागाबरोबर खालचा कापसासारखा पांढरा भागही किसात आला. मला वाटलं, चालतंय की! नाही चालत. स्पंज मस्त फुगला, रंगही झकास आला, आणि पहिल्या घासाला कारल्याची आठवण झाली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बजेट केकमध्ये फसलेल्या केकचे पैसेही मोजावे लागतात, हे कुठल्याच रेसिपीत लिहिलेलं नसतं.

काकूंनी तुकडा चाखला आणि म्हणाल्या, "अगं, पांढरं कशाला घेतलंस? वास वरच्या सालीत असतो. आम्ही साली वाळवून उटण्यात घालायचो ना, ते उगीच का?"

काकूंचं शंभर टक्के बरोबर आहे. सालीच्या रंगीत भागात तेलाचे बारीक बारीक कोश असतात. संत्रं सोलताना डोळ्यात जो फवारा उडतो ना, ते हेच तेल. संत्र्याचा वास म्हणून आपण जे ओळखतो, त्यातलं बरंचसं इथे असतं. रसात मुख्यतः पाणी, साखर आणि आंबटपणा. म्हणून नुसता रस ओतून केलेला ऑरेंज केक गोड लागतो, पण डोळे मिटून खाल्लात तर संत्र्याचा आहे हे कळत नाही. मग लोक इसेन्सची बाटली आणतात, आणि किलोभर संत्र्यांतला सगळ्यात भारी भाग ओल्या कचऱ्यात जातो.

यावर काकूंचा उपाय जबरी होता. संत्री कोमट पाण्यात चोळून धुवायची आणि पुसायची. न सोलता, बटाट्याच्या सोलाण्याने फक्त वरचा नारिंगी पापुद्रा हलक्या हाताने काढायचा. संत्री आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवली तर साल जरा घट्ट होते आणि काम सोपं जातं. मग त्या पट्ट्या केकच्या साखरेबरोबर मिक्सरमधून फिरवायच्या. साखरेचे कण साल चिरडतात, तेल साखरेत उतरतं. मिक्सरचं झाकण उघडलं आणि काकूंचं अख्खं स्वयंपाकघर घमघमलं. परदेशी बारीक किसणी घ्यायची गरजच उरली नाही.

आता घ्या लिहून. सहा इंची दोन डब्यांसाठी दीड कप मैदा (साधारण १८० ग्रॅम), दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ चाळून घ्या. १६० ग्रॅम साखर, त्यात दोन संत्र्यांची आणि एका लिंबाची साल फिरवलेली. ही साखर दोन अंड्यांबरोबर फिकट आणि फेसाळ होईपर्यंत फेटा. मग १०० मिली तेल, ८० मिली ताजा संत्र्याचा रस आणि पाव कप दही. शेवटी मैदा, आणि तो गेला की फेटणं बंद! जास्त घोटलात तर मैद्यातलं ग्लुटेन चिवट होतं आणि केकचा पाव होतो. डब्यांना तेल लावून तळाशी कागद घाला. १७० अंशांवर अर्धा तास. सुई कोरडी निघाली की झालं.

बटरऐवजी तेल म्हटल्यावर नाक मुरडू नका. लॉस एंजेलिसमध्ये हॅरी बेकर नावाच्या एका विमा एजंटाने १९२७ मध्ये तेलाचा केक शोधला आणि तब्बल वीस वर्षं रेसिपी कुणाला सांगितली नाही. १९४७ मध्ये त्याने ती जनरल मिल्स कंपनीला विकली आणि पुढच्या वर्षी शिफॉन केक म्हणून ती जगासमोर आली. आपला केक शिफॉन नाही, त्यात अंड्याचं पांढरं वेगळं फेटून घालतात. पण तेलाचा फायदा तोच. फ्रिजमध्ये बटर घट्ट होतं, तेल होत नाही, त्यामुळे थंड केकही मऊ राहतो. फक्त तेल बिनवासाचं घ्या, सूर्यफुलाचं वगैरे. शेंगदाण्याचं घातलंत तर काकूंची साल फुकट गेली समजा.

मधलं भरणही सोपं आहे. पाऊण कप संत्र्याचा रस, चार मोठे चमचे साखर आणि अडीच मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थंड असतानाच एकजीव करा, मग मंद आचेवर ढवळा. बुडबुडे आल्यावर दोन मिनिटं शिजवा. गॅस बंद करून एक चमचा बटर आणि एका लिंबाचा रस घाला. लिंबू आधी घालायचं नाही, आंबटपणाने शिजताना कॉर्नफ्लोअरची पकड सैल होते. आणि रस ऐनवेळी काढा, बिया न चिरडता. काढून ठेवलेला संत्र्याचा रस हळूहळू कडवट होत जातो. कडवटपणाचा कोटा मी शुक्रवारीच संपवला होता.

राहिलं आयसिंग. बजेट झोपतं ते इथे! क्रीमचा डबा आणा, बटरक्रीमला पाव-पाव किलो बटर घाला, म्हणजे झालंच. मग लक्षात आलं, आपल्याकडे श्रीखंड आहे की! गुरुवारी रात्री एक लिटर फुल क्रीम दुधाला विरजण लावलं. त्यातलं पाव कप दही स्पंजसाठी काढून उरलेलं शुक्रवारी मलमलच्या फडक्यात टांगलं. (पहिल्या स्पंजचं दही घरातल्या वाडग्यातलं, तेवढं कडवटपणात वाया गेलं.) शनिवारी सकाळी घट्ट चक्का तयार. त्यात पाच मोठे चमचे पिठीसाखर आणि एका संत्र्याच्या सालीची बारीक पूड. साखर जास्त झाली तर चक्क्याला पाणी सुटतं, म्हणून हात आवरा. लावण्याआधी तासभर फ्रिजमध्ये ठेवा.

शनिवारी रूमी इंटरव्ह्यूसाठी मुंबईला गेली होती, म्हणून दिवसभर मैदान मोकळं. दुसऱ्या खेपेचा स्पंज सुगंधी आणि गोड निघाला. पूर्ण गार होऊ दिला. हे सगळ्यात अवघड काम, पण कोमट केकवर चक्का लावलात तर तो घसरणार, गॅरंटी! मग प्रत्येक केकभोवती शिवणाचा दोरा गुंडाळून टोकं उलट बाजूंना ओढली. दोनाचे चार थर. प्रत्येक थराच्या कडेने चक्क्याचं कडं, मध्ये भरण, म्हणजे भरण बाहेर येत नाही. उरलेला चक्का बाहेरून पातळ फासला. कडा जरा वाकड्या झाल्या. मोबाइलवरच्या फोटोसारखा तो दिसत नव्हता, एवढंच सांगते. रूमीला दिसू नये म्हणून मुक्काम काकूंच्या फ्रिजमध्ये.

रूमी रात्री साडेदहाला आली. इंटरव्ह्यूचं विचारलं तर म्हणाली, "कळवतो म्हणालेत." पुढे कुणीच काही बोललं नाही. बारा वाजता काकू जिन्यातून केक घेऊन वर आल्या. रूमीने आधी आमच्याकडे रागाने बघितलं, मग केककडे, आणि मग नाक पुढे करून म्हणाली, "हा वास कसला?"

तीन तुकडे खाल्ले तिने. काकूंनी दोन.

मग तिने तो प्रश्न विचारलाच, "किती झाले?"

माझ्याकडे यादी होती. संत्री एक किलो ८०, चार लिंबं २०, अंडी १५, दूध ७४, मैदा १२, साखर १४, तेल १५, बटर १०, कॉर्नफ्लोअर-बेकिंग पावडर-सोडा १०, ओटीजीची वीज अंदाजे १२. एकूण २६२. फसलेल्या स्पंजचे ६५. सगळे मिळून ३२७. माझी मेहनत यात धरलेली नाही. ती धरली, वर डबा, भाडं आणि फसलेले केक धरले, तर १,४०० ही किंमत मला आता अजिबात महाग वाटत नाही. घरून केक करून विकणाऱ्या मैत्रिणीशी घासाघीस करणं मी त्या दिवसापासून बंद केलंय.

रूमीने फ्रिजवरची वही काढली आणि लिहिलं, 'केक – ३२७ ÷ ३ = १०९.' तिसरी म्हणाली, "अगं, तुझाच बर्थडे आहे, वेडी आहेस का?" रूमी आत गेली, पर्स घेऊन आली. शंभराची नोट, पाचाचं एक नाणं, दोनाची दोन. टेबलावर मांडून म्हणाली, "ही माझी ट्रीट. पुढच्या वर्षी मोठी."

खूप दिवसांनी ती वहीसमोर ताठ बसली होती. 'राहू दे गं' माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं आणि १०९ रुपये घेतले.

संत्र्यांच्या उरलेल्या साली काकू घेऊन गेल्या. त्यांच्या गच्चीवर वाळत पडल्यात.