तुरा, कुंचला आणि कॅमेरा

कोल्हापुरातील ज्या घरांच्या सोप्यात एके काळी राघूचा पिंजरा टांगलेला असे, त्यांपैकी कित्येक घरांत अलीकडे एक परदेशस्थ पाहुणा येऊन राहिला आहे. करडे अंग, पिवळे मुख, गालावर शेंदूर लावावा तसा नारिंगी ठिपका, पंखावर पांढरा पट्टा आणि मस्तकावर मागे वळलेला नाजूक तुरा, असे याचे रूप. लांबी सुमारे ३० सेंटिमीटर, आणि तीतही जवळजवळ अर्धी शेपटीच. बाजारात याला 'कॉकटेल' म्हणतात. त्याचे खरे नाव कॉकॅटिएल. आपल्या देशातील राघू पिंजऱ्यात ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे आणि ती सर्वस्वी योग्य आहे. हा पाहुणा मूळचा ऑस्ट्रेलियातील कोरड्या माळरानांचा. परंतु आज जो आपल्या घरी येतो तो पिढ्यान् पिढ्या मनुष्याच्या आश्रयाने वाढलेला असतो.

याच्या नावातही आपल्या ओळखीचा एक धागा आहे. ज्या पक्ष्याला आपण काकाकुवा म्हणतो त्याचे नाव मूळ मलायी भाषेतले, 'काकातुआ'. तेच नाव पोर्तुगीज आणि डच खलाशांच्या तोंडी पडले आणि त्याचे लडिवाळ, लघुत्वदर्शक रूप होऊन पुढे 'कॉकॅटिएल' झाले. म्हणजे हा काकाकुव्याचा धाकटा भाऊच म्हणावयाचा. हे नाते नुसते नावापुरते आहे की रक्ताचे, याविषयी पंडितांत पुष्कळ काळ वाद होता. अलीकडील आनुवंशिक परीक्षणांनी तो मिटला असून कॉकॅटिएल काकाकुव्याच्या कुळातलाच ठरला आहे. तुरा हे त्या कुळाचे निशाण होय.

आज आम्हांस जे लिहावयाचे आहे ते या तुऱ्याविषयी, आणि त्याच्या चित्राविषयी. पक्षी घरात आला की दुसऱ्या दिवसापासून त्याची छायाचित्रे सुरू होतात. आजोबांच्या खांद्यावर, काकूंच्या ताटाशी, मुलांच्या वहीवर, अशी चित्रे मोबाइलमधून सगळ्या गोतावळ्यात फिरतात. त्यांत सर्वांत अधिक वाहवा होते ती तुरा ताठ उभा राहिलेल्या चित्राची. तसे चित्र मिळावे म्हणून कोणी टाळी वाजवितो, कोणी चुटकी मारतो, कोणी एकाएकी काही वस्तू पुढे धरतो. तुरा ताडकन् उभा राहतो, मुले हसतात आणि चित्र निघते. आमचा प्रश्न एवढाच की, हे चित्र कशाचे?

तुरा हा या पक्ष्याच्या मनाचा आरसा आहे. तो स्वस्थ असला, दाणे टिपीत असला किंवा पिसे साफ करीत असला म्हणजे तुरा मागे कललेला असतो आणि त्याचे टोक तेवढे किंचित वर वळलेले असते. कुतूहल वाटले की तुरा वर येतो. दचकला की सरळ उभा राहतो. राग किंवा संकटाची भावना झाली की तो डोक्याला चप्प चिकटतो आणि त्याबरोबर सापासारखा फुत्कारही ऐकू येतो. तेव्हा टाळी वाजवून मिळविलेले ते 'सुंदर' चित्र वस्तुतः दचकलेल्या जिवाचे चित्र असते. पाहणाऱ्याला डौल दिसतो. पक्ष्याला त्या क्षणी भय वाटत असते. पाळण्यातील मुलाला घाबरवून त्याचे विस्फारलेले डोळे टिपले आणि त्यांना आनंदी म्हटले, तर त्याची आई काय म्हणेल?

जिवंत पक्ष्याचा कोणता क्षण खरा मानावा, ही अडचण नवी नाही. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून काही अपूर्व पशुपक्षी घेऊन गेला. त्यांत एक टर्की पक्षी होता. अमेरिकेतला हा पक्षी पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागला होता. त्याचे मस्तक आणि मान कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, तर कधी पिरोजासारखी निळी दिसे, याचे बादशहाने आपल्या आत्मवृत्तात मोठ्या आश्चर्याने वर्णन केले आहे. नुसत्या शब्दांनी समाधान न होऊन त्याने चितारांकडून या प्राण्यांची चित्रेही काढविली. उस्ताद मन्सूर याच्या नावे प्रसिद्ध असलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ज्याचा रंग घटकेघटकेस पालटतो त्याचे चित्र काढावयाचे, तर चिताऱ्याला त्याच्यासमोर बसून वाट पाहणे प्राप्त होते. चार अवस्था पाहिल्यावाचून पाचवी निवडता येत नाही.

युरोपात मात्र पुष्कळ काळ पक्ष्यांची चित्रे वाळविलेल्या कातड्यांवरून आणि पेंढा भरलेल्या देहांवरून काढीत. आमच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेली जनावरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातील उणीव सांगावयास नको. आकार राहतो, केस राहतात, परंतु डोळा काचेचा असतो. कॉकॅटिएलच्या बाबतीत तर तुऱ्याची सगळी भाषाच मुकी होते. ही रीत मोडणाऱ्यांत एडवर्ड लिअर या तरुणाचे नाव आदराने घ्यावे लागते. १८३० साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बसून जिवंत पोपटांची चित्रे काढण्यास आरंभ केला. रक्षकाने पक्षी हातात धरावा, याने त्याची मापे घ्यावीत, रेखाटन करावे आणि कडेला रंगांची टिपणे लिहावीत, असा त्याचा क्रम असे. भोवती जमून टकमक पाहणाऱ्या मंडळींची मजेदार रेखाचित्रेही तो अधूनमधून त्याच कागदावर काढी! दोन वर्षांत त्याची ४२ चित्रे प्रसिद्ध झाली. त्यांत आपला कॉकॅटिएलही 'न्यू हॉलंडचा पॅराकीट' या नावाने बसलेला आहे. कारण ऑस्ट्रेलियास त्या काळी न्यू हॉलंड म्हणत. हाच लिअर पुढे विनोदी बालकवितांमुळे जगप्रसिद्ध झाला आणि १८७३ साली मुंबईस उतरून सुमारे वर्षभर हिंदुस्थानची निसर्गचित्रे काढीत हिंडला.

याच संदर्भात एका गृहिणीचे स्मरण करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. जॉन गूल्ड यांचा 'ऑस्ट्रेलियाचे पक्षी' हा प्रचंड ग्रंथ १८४० ते १८४८ या काळात निघाला. त्याच्या चित्रांसाठी त्यांची पत्नी एलिझाबेथ हिने धाकटी तीन मुले इंग्लंडात आपल्या आईपाशी ठेवून १८३८ साली पतीबरोबर ऑस्ट्रेलियाचा प्रवास केला. तेथे तिने पक्षी व वनस्पती प्रत्यक्ष पाहून रेखाटल्या. परत आल्यावर १८४१ मध्ये, आठव्या बाळंतपणानंतर, वयाच्या ३७ व्या वर्षी ती वारली. तोपर्यंत तिच्या हातून या ग्रंथाची ८४ चित्रे झाली होती. ग्रंथ मात्र लोकांच्या तोंडी 'गूल्डसाहेबांचा' म्हणूनच राहिला. घरातील कोणाचे हात कोणत्या कामामागे आहेत, हे एकत्र कुटुंबातील वाचकांना आम्ही वेगळे सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल की, ही सगळी कॅमेरा सार्वत्रिक होण्यापूर्वीची कथा. आता कुंचल्याचे काय काम? परंतु छायाचित्र निघाले म्हणून चित्र निवृत्त झाले नाही. आरंभीच्या छायाचित्रणाच्या काचांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम लवकर होई आणि पिवळ्या-तांबड्याचा जवळजवळ होतच नसे. अशा काचेवर कॉकॅटिएलचे पिवळे मुख काळवंडून गेले असते. पुढे रंगीत छायाचित्रे आली, तरी पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांत हाताने काढलेली चित्रे टिकली. डॉ. सालिम अली यांचे हिंदुस्थानातील पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ साली निघाले ते रंगविलेल्या चित्रांसहच. याचे कारण सरळ आहे. छायाचित्र एका पक्ष्याचा एक क्षण देते. चित्र अनेक पक्ष्यांच्या निरीक्षणातून त्या जातीची सर्वसाधारण मूर्ती देते. एक साक्षीदार आहे, दुसरा निवाडा आहे. दोघांचीही गरज असते.

कोल्हापूरकरांना तर या दोहोंत भांडण लावण्याचे कारणच नाही. आबालाल रहिमान यांनी रंकाळ्याची बदलती छटा प्रत्यक्ष पाहून रंगविली. बाबूराव पेंटर हे मुळात चितारी, आणि त्यांनीच परिश्रमाने चलच्चित्रांचा कॅमेरा सिद्ध करून १९१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनीचा संसार थाटला. ज्या गावात कुंचला धरणाऱ्या हातांनीच कॅमेरा घडविला, त्या गावातील मुलांनी दोन्ही शिकावीत, हेच उचित.

दुसरीही एक गोष्ट चित्रांमुळे नीट कळते. लिअर व गूल्ड यांच्या काळचा कॉकॅटिएल करडा आहे, कारण रानातला कॉकॅटिएल करडाच असतो. आज दुकानांत पांढरे, फिकट पिवळे, ठिपक्यांचे, कबरे असे कितीतरी प्रकार दिसतात. हे सारे पिंजऱ्यात निपजलेले भेद आहेत. कबरा प्रकार १९४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात आणि काळे रंगद्रव्य नसलेला पिवळसर प्रकार १९५८ च्या सुमारास फ्लॉरिडात पुढे आला. या पिवळसर प्रकारातील पुष्कळ पक्ष्यांना तुऱ्यामागे टक्कल असते. चित्रात देखणा दिसणारा रंग हवा म्हणून जवळच्या नात्यातील पक्ष्यांच्या जोड्या लावल्या की असले दोष पिढीबरोबर उतरतात. हिरवा कॉकॅटिएल मात्र कोणालाही मिळावयाचा नाही. राघूचा हिरवा रंग हा पिवळे द्रव्य आणि पिसाच्या सूक्ष्म रचनेतून उमटणारी निळाई यांच्या मिलाफाने होतो; काकाकुव्याच्या कुळात ती निळाईची रचनाच नाही. चित्र पाहून पक्षी विकत घेणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे की, दुर्मिळ रंग म्हणजे उत्तम प्रकृती असे नव्हे.

आता थोडे व्यवहाराचे. चित्र घ्यावयाचे तर सकाळी, खिडकीतून येणाऱ्या सौम्य उजेडात घ्यावे. झगझगीत दिवा पक्ष्याच्या डोळ्यांवर मारू नये; रात्री तर मुळीच नको. कॉकॅटिएल अंधारात एकाएकी घाबरून पिंजऱ्यात आपटतो आणि पंख मोडून घेतो, असे पुष्कळदा घडते. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर धरावा. पाठीमागे साधी भिंत असावी. पंखा बंद, खिडकीला जाळी आणि मांजर दुसऱ्या खोलीत, ही काळजी आधी. मग बसावे आणि वाट पाहावी. पंधरा-वीस मिनिटांत तो आपणास विसरतो, पिसे साफ करू लागतो आणि तुरा आपोआप मागे कलतो. तेच चित्र घ्यावे.

मुलांना मात्र आम्ही आधी पेन्सिल देऊ. चोच, डोळा, तुऱ्याची रेघ, पाठीचा उतार, शेपटी, या क्रमाने रेखाटावे आणि लिअरप्रमाणे कडेला शब्दांत रंग लिहावेत. प्रत्येक चित्राखाली तारीख घालावी. या तारखेचे महत्त्व थोर आहे. कोवळा नर दिसावयास मादीसारखाच असतो. सहा महिन्यांच्या सुमारास पिसे झडून नवी येऊ लागतात, तेव्हा त्याचे मुख लख्ख पिवळे होते. ज्या घरात अशी वही आहे त्या घरातील मुलांना हा पालट पुस्तकावाचून कळेल. आणखी एक लाभ असा की, पक्षी आपले दुखणे लपवितो. दिवसाउजेडी पिसे फुगवून, डोळे मिटून तो एका जागी बसू लागला, तर महिन्यापूर्वीच्या चित्राशी ताडून पाहणाऱ्या मुलाच्या लक्षात ते मोठ्यांच्या आधी येईल, आणि पशुवैद्याकडे वेळेवर जाता येईल.

कॉकॅटिएल नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. आज ज्या मुलीच्या बोटावर तो बसतो, ती सासरी गेली तरी तो घरात असेल. इतक्या दीर्घ सोबतीत पुष्कळ चित्रे निघतील. घाई करण्याचे कारण नाही. वर्षअखेरीस सगळ्या घराने मिळून ती वही आणि ती छायाचित्रे पाहावीत आणि किती चित्रांत तुरा मागे कललेला आहे हे मोजावे. तो आकडा मोठा निघाला, तर पक्षी आपल्या घरी सुखात आहे असे खुशाल समजावे.