हलकंफुलकं म्हणजे काय रे भाऊ?

'सध्या काय वाचतोयस?' या प्रश्नाला आपल्याकडे खरं उत्तर द्यायची सोय नाही. एका ऑर्क बाईने तलवार खुंटीला टांगून कॉफीचं दुकान काढलं त्याची गोष्ट वाचतोय, असं सांगितलं की समोरचा असा बघतो जणू आपण या वयात 'चंपक' घेऊन बसलोय. मग तो एखाद्या जाडजूड नॉन-फिक्शनचं नाव घेतो, जे त्याचं दोन वर्षं अर्ध्यावरच आहे.

तर ज्यांना 'कोझी' म्हणतात अशा फँटसी, रहस्यकथा आणि त्यांच्या शेजारच्या फळीवरचे रोमान्स मी सध्या हावऱ्यासारखे वाचतोय. आणि 'टाइमपास आहे रे' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

ट्रॅव्हिस बाल्ड्रीचं 'लेजंड्स अँड लाटेज' घ्या. हा बाबा आमच्याच धंद्यातला. आधी गेम डेव्हलपर ('टॉर्चलाइट' खेळला असाल), मग ऑडिओबुकांचा निवेदक. महिन्याभरात कादंबरी लिहायच्या नॅनोरायमो उपक्रमात त्याने २०२१ साली हे लिहिलं, २०२२ च्या सुरुवातीला स्वतःच प्रकाशित केलं, वर्ष संपायच्या आत 'टॉर'ने उचललं आणि २०२३ च्या ह्युगोच्या अंतिम यादीत ते जाऊन बसलं. गोष्ट काय? मारामाऱ्या करून थकलेली व्हिव्ह थ्यून नावाच्या शहरात एक जुना तबेला विकत घेते आणि कॉफी विकायला बसते. शहरात कॉफी म्हणजे काय हेच कोणाला ठाऊक नाही! मग सुतार शोधा, मदतनीस शोधा, गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून फुकट चव द्या, जेमतेम दोन शब्द बोलणारा एक अफलातून बेकर हाताशी धरा...

यात पळून जाणं कुठे आहे? पानोपानी काम चालू आहे. दिवसभर जिराची तिकिटं इकडून तिकडे सरकवल्यावर 'आज नक्की काय केलंस' हे ज्याला स्वतःच्या आईला सांगता येत नाही, त्याला ठोकलेली फळी ठोकलेली दिसते अशी गोष्ट वाचावीशी वाटणारच. त्याला पलायनवाद म्हणणं म्हणजे तहान लागलेल्याला पाण्याचा षौकीन म्हणण्यासारखं झालं.

आणि हे लिहायला सोपं आहे असं कोणी सांगितलं? जग बुडणार आहे असं पहिल्या प्रकरणात जाहीर केलं की निम्मं काम झालं. जग अजिबात बुडणार नाही, कॉफी खपते की नाही एवढाच प्रश्न आहे, आणि तरी वाचकाला रात्री दीडपर्यंत जागं ठेवायचं... बसा लिहायला.

रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) तर अनेकांनी फक्त सिनेमा बघून निकालात काढलं. केंटमधल्या एका वृद्धनिवासात चार म्हातारी माणसं दर गुरुवारी जुन्या खुनांच्या फायली चाळतात. हो, गंमतशीर आहे, केक आहेत. पण एलिझाबेथचा नवरा स्टीफन हळूहळू सगळं विसरत चाललाय, आणि तो शुद्धीत असतो तेवढ्या वेळात ती त्याच्याशी बुद्धिबळाच्या, केसच्या गप्पा मारून घेते. क्लब जिने सुरू केला ती पेनी, एके काळची पोलीस अधिकारी, तिथेच खाटेवर निपचित पडलेली. एलिझाबेथ तरी तिच्याशी बोलत राहते. आपल्यातल्या कितीजणांचे आई-बाबा कोथरूडात दोघंच राहतात आणि आपण रविवारी व्हिडिओ कॉलवर 'गोळ्या घेतल्या का' विचारतो? मला त्या पुस्तकाने जे धरून हलवलं, ते पुरस्कारप्राप्त, गंभीर, करड्या कव्हराच्या एकाही कादंबरीने इतक्यात केलेलं नाही.

नाक मुरडणं काही आजचं नाही म्हणा. रेमंड चँडलरने १९४४ मध्ये 'अटलांटिक' मासिकात इंग्लिश बंगल्यांतल्या खूनकथांची यथेच्छ सालं काढली. पुढच्याच वर्षी एडमंड विल्सनने 'न्यूयॉर्कर'मध्ये लेख लिहिला, त्याचा मथळाच असा की रॉजर अॅक्रॉइडला कोणी का मारेना, पडलीय कोणाला! पडलीय साहेब. अगाथाबाईंचं ते पुस्तक १९२६ चं आहे आणि आजही खपतंय. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, आणि लोकांनी ती लायब्ररीतून आणून फाटेपर्यंत वाचली. पण वाङ्मयाचा इतिहास म्हटला की त्यांच्या वाट्याला दीड ओळ.

रोमान्सची तर विचारूच नका. एमिली हेन्रीच्या 'बीच रीड'मध्ये (२०२०) जानुअरी ही रोमान्स लिहिणारी बाई आहे. वडील गेल्यावर कळतं की त्यांचं बाहेर प्रकरण होतं, आणि तिची सुखान्त लिहायची उमेदच जाते. शेजारी राहतो 'गंभीर' लेखक. दोघं पैज लावतात, तू माझं लिही, मी तुझं. आणि तीच त्याला सुनावते, की हेच सगळं पुरुषाने लिहिलं असतं तर त्याला साहित्य म्हणाले असते. मी ऑफिसच्या बसमध्ये हे वाचत होतो तेव्हा शेजारचा म्हणाला, 'बायकोचं किंडल आणलंस का?' घ्या!

आता दुसऱ्या पार्टीकडे वळू, कारण तीही कमी वैताग देत नाही. 'बर्नआउट झालाय ना, मग कोझी वाच' असं क्रोसिनसारखं प्रिस्क्रिप्शन देणारे हितचिंतक. मग, ब्लँकेट आणि पुस्तक एकाच फोटोत मांडणारे. यांनाही पुस्तक वाचायचं नाहीये, अंगावर घ्यायचंय. त्याचा परिणाम असा की त्याच पेस्टल कव्हराची, तीच बेकरी, तेच बोलकं मांजर, आणि सात प्रकरणं कोणाला काही नकोच आहे, अशी भारंभार पुस्तकं येताहेत. ती वाईट आहेत. वाईट आहेत असं आपणच म्हणायला पाहिजे, कारण आपणच ती वाचतो. बाहेरच्यांना सगळी सारखीच.

गंमत बघा. बाल्ड्रीचं 'ब्रिगँड्स अँड ब्रेडनाइव्ज' २०२५ च्या नोव्हेंबरात आलं. त्यात फर्न ही पुस्तकविक्रेती व्हिव्हच्या शहरात येऊन नवं दुकान थाटते. दुकान छान, माणसं छान, आणि तिला काहीच वाटत नाही. त्यावर काही चाहत्यांची कुरकुर, हे पुरेसं कोझी नाही! अरे, मनासारखं दुकान काढूनही माणूस आतून कोरडा राहू शकतो, हे त्या लेखकाला म्हणायचंय तर म्हणू द्या की. मी अजून शंभर पानं मागे आहे, तेव्हा कृपया शेवट सांगू नका.