जाड्या, रड्या आणि आपले घोरी-दीक्षित

लॉरेल आणि हार्डी यांना मराठी माणसाने कधीच आपली नावं देऊन टाकली आहेत: जाड्या आणि रड्या. एक जाड म्हटल्यावर दुसरा खरं तर बारक्या व्हायला हवा होता. पण मराठीने त्याचं रडणं बघितलं. ओठ थरथरायला लागले, डोक्यावरचे केस ओढले गेले, की हा गडी आता भोकाड पसरणार, हे आमच्या मोमीनपुऱ्यातल्या पोरालाही कळतं. ही जोडी जुळली 1927 च्या सुमारास. म्हणजे शतक भरत आलं, तरी त्यांचं नाव काढलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग बोलतो.

हे प्रेम टिकलं कशामुळे? पडापडी, पाणी उडवणं, टोप्यांची अदलाबदल हे सगळं इतरांनीही केलं. माझ्या मते कारण वेगळं आहे. ही दोघं सतत भांडतात, पण एकमेकांना सोडून जात नाहीत.

1932 चा ‘द म्युझिक बॉक्स’ घ्या. विनोदी लघुपटाचं ऑस्कर मिळवलेला हा जेमतेम अर्ध्या तासाचा चित्रपट. पेटीत बंद केलेला पियानो एका लांबलचक जिन्यावरून वरच्या घरी पोहोचवायचा, एवढंच काम. पेटी पुन्हा पुन्हा घरंगळत खाली येते. शेवटी वर पोहोचल्यावर टपालवाला सांगतो, की घरापर्यंत गाडी येणारा रस्ता आहे. मग हे दोघे काय करतात? पियानो पुन्हा खाली नेतात, गाडीत चढवतात आणि रस्त्याने वर आणतात! मूर्खपणाच आहे. पण या सगळ्या खटाटोपात ‘तुझं तू बघ’ असं म्हणून कुणी निघून जात नाही.

चॅप्लिन एकटा पुरतो. जोडीत मात्र एकाचं हसू दुसऱ्याच्या हातात असतं. आपल्या तमाशात हे जुनंच आहे, सोंगाड्याला समोर बोलणारा कुणीतरी लागतोच. पडद्यावर हार्डी शहाणपणा मिरवतो आणि लॉरेल बावळट दिसतो. प्रत्यक्षात गमती रचण्याचं डोकं लॉरेलचं होतं आणि हार्डीने ते काम त्याच्यावर निर्धास्तपणे सोपवलेलं होतं.

आता आपल्याकडे या. ‘द म्युझिक बॉक्स’ आला त्याच वर्षी मुंबईत रणजित कंपनीचा ‘चार चक्रम’ आला, जयंत देसाई यांचा. त्यात जोडी जमली मनोहर जनार्दन दीक्षित आणि नजीर मोहम्मद घोरी यांची. दीक्षित गोलमटोल, घोरी सडपातळ. पुढे ‘तूफान मेल’सारख्या चित्रपटांतून ही जोडी इतकी गाजली, की लोक त्यांना हिंदुस्थानचे लॉरेल-हार्डी म्हणू लागले. ‘घोरी-दीक्षित’ हे नाव एका दमात घेतलं जाई.

या नावाकडे आजच्या डोळ्यांनी बघा. एक दीक्षित, एक घोरी. आज अशी जोडी जमली तर पोस्टरवर आधी ‘एकता’ लिहिलं जाईल, मग चित्रपटाचं नाव. नंतरच्या हिंदी सिनेमात मुसलमान पात्र बरेचदा हिरोसाठी जीव देणारा दोस्त म्हणून आलं. मरून आपली दोस्ती सिद्ध करण्याचं काम त्याच्याकडे. घोरींकडे प्रेक्षकांची अशी मागणी नव्हती. त्यांना दीक्षितांच्या सोबतीने लोकांना हसवायचं होतं, बस.

कुणी म्हणेल, ते दिवसच वेगळे होते. नव्हते. 1932 सालीच मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली होती, महिनोन् महिने चाललेली. ‘चार चक्रम’ही त्याच सालचा आणि त्याच शहरातला. म्हणून मला ही जोडी गोड आठवण वाटत नाही. वाईट काळातही दोन माणसं रोज कामावर येऊन एकमेकांच्या भरवशावर उभी राहू शकतात, याचा तो पुरावा आहे.

आमच्या नागपुरात 17 मार्च 2025 ला महालात हिंसाचार झाला आणि शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली. त्या दिवसांत घरातली पोरं मोबाईलवर हाच पियानोवाला चित्रपट बघत बसली होती. अम्मीने विचारलं, “ये दोनों भाई हैं क्या?” पुतण्या म्हणाला, “नहीं दादी, साथ में काम करते हैं.” शांतता समितीच्या बैठका मला नकोत असं नाही. टोपीवाला आणि टिळेवाला हात मिळवतानाचा फोटोही यावा, त्यानेही थोडा धीर येतो. पण फोटो काढून झाला की दोघे आपापल्या मोहल्ल्यात परततात. एकाच पेटीला दोन बाजूंनी खांदा लावणारे दुसऱ्या दिवशीही भेटतात. इतवारीच्या बाजारात असे शेकडो भेटतील. त्यांचा फोटो कुणी काढत नाही.

घोरी-दीक्षितांचा शेवट मात्र हसण्यासारखा नाही. फाळणीनंतर घोरी पाकिस्तानात गेले. 1949 मध्ये दीक्षित वारले. घोरी 1977 पर्यंत जगले, पण तिथे त्यांचा पहिल्यासारखा जम बसला नाही. हार्डी 1957 मध्ये गेल्यावर लॉरेलनेही पुन्हा कधी चित्रपटात काम केलं नाही. फरक एवढाच, की लॉरेल-हार्डीची जोडी मृत्यूने तोडली. आपली त्याआधीच नकाशाने तोडली.

त्या काळातले आपले बहुतेक बोलपट आज बघायला मिळत नाहीत. ‘आलम आरा’सारखा पहिला बोलपटसुद्धा राहिला नाही, तिथे विनोदी चित्रपटांच्या रिळांची काळजी कोण घेणार? पण नाव जपायला रीळ लागत नाही. जाड्या-रड्याला आपलं म्हणणाऱ्या मराठी माणसाने घोरी-दीक्षितही आपले म्हणावेत, आणि ते नाव पूर्वीसारखंच घ्यावं, एका दमात.