डबल बेल : आजोबा, तुम्ही बसा!

काय दोस्तांनो, मिळाली का जागा? थोडं सरकून घ्या, मागचे अजून उभे आहेत! हं, आता एक खरंखरं सांगा पाहू. तुमच्या घरी आजी किंवा आजोबा असतील, तर घरातले सगळे मिळून त्यांना दिवसातून किती वेळा 'तुम्ही बसा' म्हणता? मोजलंय कधी?

आमच्या नातीनं मोजलं. चौथीत आहे, मोजायचा तिला भारी नाद. एका रविवारी सकाळपासून दिवे लागेपर्यंत वहीत रेघा मारत बसली आणि रात्री जेवताना जाहीर केलं, "आबा, आज तुम्हाला सव्वीस वेळा बसवलं!"

आता गंमत बघा. तुमचा हा आबा साताऱ्याचा. चौतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर. पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला सुटली आणि माझा जन्म १९४९ चा. म्हणजे एस.टी. माझी थोरली बहीणच म्हणा ना! खांद्याला चामड्याची पिशवी, एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्या हातात चिमटा. टक् टक् वाजवत गर्दीतून पुढे सरकायचं. घाटात गाडी वळली की मी पण वळायचो; पण पिशवीतली चिल्लर कधी सांडली नाही. जन्मभर लोकांना म्हणत आलो, "बसून घ्या, बसून घ्या!" आणि आता घरचे मलाच म्हणतात, "आबा, तुम्ही बसा की!"

तर आजची आपली गाडी याच मार्गावरची. आधी माझं वेळापत्रक सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

पहाटे साडेपाचला पहिली फेरी. आम्ही चौघे म्हातारे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागतो. रोज काही गड सर करत नाही. निम्म्या चढापर्यंत जायचं, खाली सातारा शहराचे दिवे एकेक करून विझताना बघायचे, आदल्या दिवशीच्या बातम्यांवर भांडायचं आणि उतरायचं. महिन्यातून एकदा मात्र थेट वर, मंगळाई देवीच्या दर्शनाला. येताना डेअरीतून दूध. मग चहा. आजीच्या मते मी केलेला चहा फुळकवणी होतो. पण पिते मात्र कप भरून!

नऊ वाजता मंडई. वांगी कशी निवडायची ठाऊक आहे? देठ हिरवागार हवा, साल चकचकीत हवी आणि हातात घेतल्यावर वांगं आकाराच्या मानानं हलकं लागायला हवं. जड वांग्यात बिया फार. हे ज्ञान मला नोकरीत मिळालं. पहाटेच्या गाडीनं शेतकरी टोपल्या घेऊन यायचे, तेच शिकवायचे.

दुपारी दुरुस्ती खातं. नातवाच्या सायकलचं पंक्चर आम्ही घरीच काढतो. घमेल्यात पाणी, त्यात हवा भरलेली ट्यूब दाबत दाबत फिरवायची. बुडबुडे आले की पकडला चोर! मग जागा कोरडी करून कानशीनं घासायची, सोल्युशन लावायचं, ते जरा सुकू द्यायचं आणि वर ठिगळ. नातू आठवीत आहे. घाई फार. सोल्युशन ओलं असतानाच ठिगळ चिकटवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घमेलं!

संध्याकाळी नातीबरोबर मटार सोलणं किंवा मेथी निवडणं. दहा दाण्यांची शेंग ज्याला सापडेल तो राजा. रात्री पत्ते. बदाम सात खेळताना आजी सत्ते अडवून धरते, हे मी जाहीर लिहितोय, बघू काय करते ते! बस्, एवढंच. यात मोठं काही नाही. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वाटतं, आज आपली गाडी वेळेवर सुटली आणि वेळेवर पोचली.

मग ही गाडी अडली कुठे? तर गेल्या पावसाळ्यात.

शेजारच्या आजी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, अडीच महिने खाटेवर. आमचा मुलगा त्यांना दवाखान्यात बघून आला तो गंभीर चेहऱ्यानंच. म्हणाला, "आबा, उद्यापासून गडाचा रस्ता बंद. दूध मी आणीन. मंडईत सूनबाई जाईल. माळ्यावरचं काही काढायचं नाही. तुम्ही फक्त बसा." त्याच्या आवाजात राग नव्हता हो, भीती होती. बापाच्या काळजीनं बोलणाऱ्या मुलाशी काय वाद घालणार? मी बसलो.

पहिले आठ दिवस बरे गेले. पेपर दोनदा वाचला. मग दुपारची झोप लांबली, रात्रीची पळाली. जेवणात मन लागेना. घरात सगळे कामात आणि मी खुर्चीत! दोन महिन्यांनी गौरीच्या जेवणाला पाटावर बसलो आणि उठताना दोन्ही हात जमिनीला टेकावे लागले, तरी उठवेना. नातवानं धरून उठवलं. कोणी काही बोललं नाही. पण नातवाचा चेहरा मी पाहिला. पोरगं घाबरलं होतं.

रात्री तो त्याच्या बाबाला म्हणाला, "बाबा, आबा पडू नयेत म्हणून तुम्ही त्यांना बसवलंत. पण बसून बसूनच त्यांचे पाय गेले की!"

दुसऱ्या दिवशी मुलगा मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी गोळी दिली नाही. एक साधी खुर्ची पुढे ठेवली. म्हणाल्या, "हात छातीवर बांधा आणि अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा उठा-बसा." मला सहा वेळा जमलं. मग त्यांनी आम्हा दोघांना समजावून सांगितलं, ते तुम्हांलाही सांगतो, कारण ते तुमच्या आई-बाबांच्याही कामाचं आहे.

माणसाचे स्नायू तिशी-चाळिशीनंतर हळूहळू कमी व्हायला लागतात. साठीनंतर हा वेग वाढतो. त्यात हालचाल थांबली तर विचारूच नका. तुमच्यासारख्या पोरांचा पाय प्लास्टरमध्ये महिनाभर राहिला तरी बारीक होतो ना? पण तुमचा भराभर भरून येतो, म्हाताऱ्याचा सावकाश. आणि तोल सावरणं हीसुद्धा सवयच आहे. डोळे, कानाच्या आतला भाग, तळपाय आणि स्नायू मिळून ते काम करतात. सराव सुटला की तेही ढिले पडतात. म्हणजे पडायच्या भीतीनं बसून राहिलेला माणूस पडायचीच जास्त शक्यता! जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जी सूचना दिली, तीही हेच सांगते. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यात निदान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करावा आणि आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस ताकदीचे नि तोल सांभाळायचे व्यायाम करावेत. अर्थात कोणी किती करायचं, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारून.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "तोल सांभाळण्याचे व्यायाम मी चौतीस वर्षं केलेत, आणि त्याचा पगारही घेतलाय!" त्या हसल्या. पण मुलाकडे बघून म्हणाल्या, "यांना बसवू नका. पडू नयेत याची तयारी करा."

मग आमच्या घरी ही तयारी सुरू झाली आणि तिचे मुकादम झाले आमचे नातू-नात. न्हाणीघरात रबरी पट्टी आली, भिंतीला धरायला दांडी आली. रात्री उठल्यावर दिसावं म्हणून वाटेत छोटा दिवा. माझ्या झिजलेल्या स्लिपर नातीनं परस्पर भंगारवाल्याला दिल्या. जिन्यात ठेवलेली सायकल बाहेर गेली. खोलीभर पसरणाऱ्या गोट्या डब्यात गेल्या. आणि खुर्चीची उठबस रोज सकाळ-संध्याकाळ, मोजणीला अर्थातच नात. सहाचे आठ झाले, आठाचे अकरा. दोन महिन्यांत मी पुन्हा गडाच्या रस्त्याला लागलो.

मुलाची धाकधूक तरी गेली नव्हती. ती गेली मेणवलीला.

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांनी हट्ट धरला, आबांबरोबर एस.टी.नं जायचं. मुलगा म्हणे गाडी करून देतो. मुलं म्हणे छे, लाल डबाच! शेवटी आम्ही दोघं म्हातारे आणि दोघं पोरं असे निघालो वाईला. आता इथे माझ्यातला कंडक्टर जागा होतो, बरं का! २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. त्यामुळे मला आधार कार्ड दाखवून शून्य रुपयाचं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणून आजीचं अर्धं. नात दहा वर्षांची, तिचं अर्धं. नातू चौदाचा, त्याचं पूर्ण. करा बेरीज! चार माणसं आणि पैसे दोन तिकिटांचे. जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली. पण शून्याचं तिकीट हातात आल्यावर जो आनंद झाला, तो पहिल्या पगारालाही झाला नव्हता. ते तिकीट मी अजून डायरीत ठेवलंय.

वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि तिथून तीनेक किलोमीटरवरच्या मेणवलीला पायी निघालो. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि वाड्यामागे कृष्णेचा सुंदर घाट. घाटावर एका छोट्या देवळीत मोठी थोरली घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांकडून मिळालेल्या घंटांपैकी ती एक, असं सांगतात. घंटा दिसली की कंडक्टरचा हात शिवशिवणारच! पूर्वी आमच्या गाडीत छताखालून दोरी असायची. एकदा ओढली की 'थांब', दोनदा ओढली की 'चल'. मी घाटाच्या पायऱ्या एकेक करून, न धरता, पाण्यापर्यंत उतरलो आणि तशाच चढून वर आलो. नातवानं त्याचा फोटो काढून बाबाला पाठवला. उलट उत्तर आलं, "पायऱ्या किती?" नातीनं मोजलेल्या होत्याच!

परत आलो तेव्हा मुलगा स्टँडवर उभा होता. काही बोलला नाही. माझ्या हातातली पिशवी घ्यायला त्यानं हात पुढे केला आणि मग मागे घेतला. म्हणाला, "आबा, उद्या मंडईतून येताना कोथिंबीर आणा." दोस्तांनो, एवढं गोड वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या. शिकवणारी गावातलीच एक सून, आणि विद्यार्थिनींत तिची सासूबाईसुद्धा! घरी नातवंडं आजीचा अभ्यास घेऊ लागली. कागदावर अंगठा उठवणाऱ्या आज्या स्वतःची सही करायला शिकल्या. त्या गावानं आपल्या आज्यांना 'बसा' म्हटलं, पण वर्गात नेऊन!

तेव्हा या आठवड्याचं काम लिहून घ्या. एक, रविवारी तुमच्या घरातले 'बसा' मोजा. दोन, आजी-आजोबांना एक खरं काम मागा. 'उगीच आपलं' काम नको, जे त्यांनी केलं नाही तर घराचं अडेल असं काम. ज्यांना चालवत नाही, त्यांनाही जमेल असं काही असतंच. हिशेब ठेवणं, लसूण सोलणं, तुमचे पाढे म्हणून घेणं. तीन, घरात पाय अडकेल, घसरेल अशा जागा शोधा आणि त्या तुम्ही स्वतः आवरा. आणि चौथं, 'आबा, तुम्ही बसा' याऐवजी एकदा 'आबा, चला की' म्हणून बघा. चेहरा कसा खुलतो, ते मला पत्रानं कळवा. तुमचे आकडेही कळवा. आमच्या नातीचा सव्वीसचा विक्रम कोण मोडतं ते पाहू.

पुढच्या आठवड्यात घाटातल्या गाड्यांच्या गोष्टी. चला, दार लावून घ्या, हात बाहेर काढू नका.

टिंग टिंग!

— तुमचा आबा